चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा : गेलेल्या इटालियन नटांना आठवताना

क्लाउडिया कार्दिनाले २३ सप्टेंबर २०२५ ला फ्रान्समध्ये गेली, ८७ व्या वर्षी. बातमी आली आणि तिच्या चित्रपटांचे तुकडे मोबाइलवरून फिरू लागले. 'द लेपर्ड'मधला नाचाचा दिवाणखाना, 'एट अँड अ हाफ'मधलं तिचं पांढऱ्या पोशाखात समोरून येणं. दोन्ही चित्रपट १९६३ चे, दोन्हीकडे ती पंचविशीच्या आतबाहेरची. पण इटालियन 'द लेपर्ड'मध्ये ती तोंड उघडते तेव्हा ऐकू येतो तो आवाज तिचा नाही. 'एट अँड अ हाफ'मधला मात्र तिचाच आहे.

हे तिच्या एकटीपुरतं नाही. गेल्या शतकातल्या इटालियन नटनट्यांबद्दल वाचायला घेतलं की हाच प्रश्न जागोजागी आडवा येतो. मृत्युलेखात जन्मगाव येतं, गाजलेल्या भूमिका येतात, पुरस्कार येतात, प्रेमप्रकरणं तर हमखास येतात. आवाजाचं कोणी विचारत नाही. मला वाटतं, ते विचारल्याशिवाय या माणसांची कारकीर्द अर्धीच कळते. कधीकधी तर दाद एकाच्या कामाला द्यायची असते आणि आपण ती दुसऱ्याच्या नावावर जमा करतो. म्हणून हा सगळा प्रकार मुळात काय होता, ते जरा खोलात जाऊन पाहू.

आधी चित्र, मग बोलणं

इटालियन चित्रपट बोलू लागला तो १९३० च्या सुमारास. तेव्हा सत्तेवर मुसोलिनी होता. त्याच साली सरकारनं हुकूम काढला की परदेशी भाषेतले संवाद पडद्यावरून ऐकू येता कामा नयेत. सुरुवातीला अमेरिकन चित्रपटांतलं बोलणं सरळ काढून टाकून मध्ये लेखी पाट्या घालत. बोलपट म्हणून तिकीट काढायचं आणि आत वाचत बसायचं, हे प्रेक्षकाला किती दिवस चालणार? मग डबिंग आलं. पाहता पाहता रोममध्ये डबिंगचे स्टुडिओ निघाले, ओठांच्या हालचालीत बसेल असं भाषांतर करणारे लेखक तयार झाले आणि केवळ आवाजावर पोट भरणारे नट उभे राहिले. परदेशी चित्रपटांसाठी उभी राहिलेली ही यंत्रणा घरच्या निर्मात्यांनीही वापरायला घेतली.

युद्धानंतर तर तिच्यावाचून गत्यंतरच नव्हतं. १९३७ मध्ये थाटामाटात उघडलेला चिनेचित्ता स्टुडिओ बाँबहल्ल्यात जखमी झाला होता आणि तिथं निर्वासितांची छावणी पडली होती. रोबेर्तो रोसेल्लिनीनं 'रोम ओपन सिटी' (१९४५) रस्त्यावर, घरांत, मिळेल तिथं चित्रित केला आणि पैसे वाचवायला आवाज न घेताच केला. सगळं बोलणं नंतर स्टुडिओत भरलं. त्यात जर्मन सैनिक आपल्या माणसाला ट्रकमधून नेत आहेत आणि आन्ना मान्यानी "फ्रांचेस्को!" असं ओरडत मागं धावते, तो प्रसंग जगभर दाखवला जातो. ती धावली रोमच्या रस्त्यावर. ती आर्त हाक मात्र तिनं नंतर, बंद खोलीत, आपलंच धावणं पडद्यावर बघत पुन्हा दिली. हे कळल्यावर मला तिचं कौतुक दुपटीनं वाटलं.

गरज म्हणून लागलेली ही सवय पुढं सोय म्हणून टिकली. आवाज नंतर भरायचा असेल तर रस्त्यावर स्कूटरी भुर्रकन गेल्या तरी बिघडत नाही. दिग्दर्शकाला शॉट चालू असताना नटाला ओरडून सूचना देता येतात. दिग्दर्शक फेलिनी तर कधीकधी संवाद लिहून तयार नसले की नटांना कॅमेऱ्यासमोर नुसते आकडे म्हणायला लावायचा. काय बोलायचं ते मागाहून ठरायचं. परदेशी नट आणला तर त्यानं आपल्या भाषेत बोलावं, समोरच्यानं आपल्या. 'द लेपर्ड'मध्ये सिसिलीचा सरंजामदार झालेला बर्ट लँकेस्टर इंग्रजीत बोलत होता आणि कार्दिनाले फ्रेंच नट आलाँ देलाँशी फ्रेंचमध्ये. इटालियन प्रेक्षकांनी लँकेस्टरच्या तोंडून ऐकला तो कोर्रादो गाइपाचा आवाज. 'ला स्त्रादा'त (१९५४) जुलिएत्ता मासिनासमोर उभ्या असलेल्या अँथनी क्विनचा आवाज आर्नोल्दो फोआचा. आपला कबीर बेदी १९७६ च्या 'सांदोकान' मालिकेनं इटलीत घराघरात पोचला, तोही असाच एका इटालियन डबिंग कलाकाराच्या आवाजातून.

आणखी एक गोष्ट यातूनच शक्य झाली. आवाजाचं नंतर बघता येतं म्हटल्यावर चेहरा कुठूनही उचलता येतो. 'बायसिकल थीव्ज'चा (१९४८) नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार होता. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा चित्रपट दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर त्याची छाप उघड दिसते. म्हणजे या माणसाच्या चेहऱ्याचं आपल्या चित्रपटांवरही ऋण आहे. त्याला स्वतःला मात्र पुढं फारसं काही मिळालं नाही. कारखान्यातली नोकरी गेली, चित्रपटांत बारीकसारीक कामं मिळत राहिली, १९८३ मध्ये तो गेला. त्याचं बोट धरून चालणारा पोरगा, एन्झो स्ताइओला, मोठेपणी गणिताचा शिक्षक झाला. तो २०२५ च्या जूनमध्ये गेला.

डबिंगची खोली कशी असे तेही डोळ्यांसमोर आणा. अंधार, समोर पडदा. फिल्मचा छोटा तुकडा टोकाला टोक जोडून गोल केलेला, त्यामुळे तेच चार-सहा क्षण पुन्हापुन्हा दिसत राहतात. या गोल तुकड्याला तिथं 'अनेल्लो' म्हणजे कडं म्हणतात. फिल्म गेली, सगळं संगणकावर आलं, तरी शब्द तोच राहिला. कलाकार उंच स्टँडवरच्या कागदासमोर उभा. नजर कागदावर, लगेच पडद्यावरच्या ओठांवर, परत कागदावर. श्वास कुठं घेतला, मान कधी वळली, ओठ कधी मिटले, हे सगळं जुळवून शिवाय भाव आणायचा. शेजारी डबिंगचा वेगळा दिग्दर्शक असतो, तो पसंत पडेपर्यंत कडं फिरत राहतं. एका चित्रपटाचं काम संपलं की दुसरा. सकाळी राजा, दुपारी दरोडेखोर.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. पडद्यावर गाणं सुरू झालं की गळा बदलतो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. इटलीत तो बोलतानाही बदलायचा, इतकंच. फक्त आपण गाणाऱ्याचं नाव विचारायला वेळेवर शिकलो. 'महल'च्या (१९४९) रेकॉर्डवर आधी गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपुढं आलं. इटलीत बोलणाऱ्या गळ्यांची अशी विचारणा फार उशिरा झाली, आणि इटलीबाहेर तर अजूनही होत नाही.

बोली नको, भाषा हवी

आता कोणी विचारेल, परदेशी नटाचं समजलं, पण इटालियन नटाला इटालियन आवाज कशाला द्यायचा? उत्तर बोलीत आहे. इटली एक देश झाला १८६१ मध्ये आणि त्यानंतरही कितीतरी काळ लोक घरात नेपल्सची, सिसिलीची, व्हेनिसची बोली बोलत. प्रमाण इटालियन शाळेतली, कागदावरची. चित्रपटाच्या नायकानं मात्र स्वच्छ, कुठल्याच गावचं न वाटणारं इटालियन बोलावं, अशी निर्मात्यांची अपेक्षा. बोली चालायची ती विनोदाला किंवा गरिबांच्या पात्रांना.

कार्दिनालेचं यातच अडलं. ती जन्मली ट्युनिसजवळच्या ला गुलेतला, घरचे लोक मूळ सिसिलीचे. घरात सिसिलियन, शाळेत फ्रेंच. १९५७ मध्ये ट्युनिशियातली सर्वांत सुंदर इटालियन मुलगी म्हणून ती निवडली गेली आणि बक्षीस म्हणून व्हेनिसच्या महोत्सवाला आली, तेव्हा तिला धड इटालियन येत नव्हतं. वर आवाज घोगरा, नायिकेला न शोभणारा असं त्या काळच्या कानांना वाटणारा. त्यामुळे पहिली काही वर्षं प्रत्येक चित्रपटात दुसरी कोणीतरी तिच्यासाठी बोलली. १९६२-६३ मध्ये ती एकाच वेळी 'द लेपर्ड'साठी व्हिस्कोंतीकडे आणि 'एट अँड अ हाफ'साठी फेलिनीकडे काम करत होती. एकाला केस काळे हवेत, दुसऱ्याला फिकट. सारखे रंगवून घ्यावे लागत. व्हिस्कोंतीच्या चित्रपटात आवाज दुसरीचा गेला. फेलिनी म्हणाला, हिचाच ठेवायचा. त्यानंतर तो घोगरा आवाज हीच तिची खूण झाली. तिच्यावर लिहिताना 'एट अँड अ हाफ'चा उल्लेख फेलिनीसाठी होतो. माझ्या मते तो या निर्णयासाठी व्हायला हवा.

बड स्पेन्सरची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. मूळ नाव कार्लो पेदेर्सोली, जन्म १९२९, नेपल्स. आधी जलतरणपटू: १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकला गेलेला. पडद्यावरचं नाव त्यानं बडवायझर बिअर आणि स्पेन्सर ट्रेसी यांच्यावरून जुळवलं. टेरेन्स हिलबरोबरच्या मारधाड-विनोदी चित्रपटांनी तो जगभर पोचला. डोंगराएवढा देह, बारीक केलेले डोळे, डोक्यावर वरून आपटणारी मूठ आणि जमिनीखालून आल्यासारखा खर्ज.

तो खर्ज ग्लाउको ओनोरातोचा. पेदेर्सोलीचं बोलणं पक्कं नेपल्सचं, म्हणून बहुतेक सगळ्या चित्रपटांत ओनोरातो बोलला. दोघांचं मिळून एक पात्र झालं होतं असंच म्हणायला हवं, कारण बड स्पेन्सर पडद्यावर कमी बोलतो, आणि जे थोडकं बोलतो त्यातलं कुरकुरणं, हुंकार, नाखुशीनं दिलेला होकार यांवर निम्मा विनोद उभा आहे. गंमत पुढंच आहे. जर्मनीत तो अफाट लोकप्रिय. तिथल्या श्वेबिश ग्म्युंड गावानं २०११ मध्ये आपल्या जलतरण तलावाला त्याचं नाव दिलं. बुडापेस्टमध्ये २०१७ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. पण जर्मन चाहत्याच्या कानात जो बड स्पेन्सर आहे तो ओनोरातो नाही, जर्मन डबिंग कलाकार आहे. हंगेरीतला आणखी वेगळा. एका देहाला देशागणिक गळा. ओनोरातो २००९ च्या शेवटच्या दिवशी गेला, पेदेर्सोली २७ जून २०१६ ला. उतारवयात त्यानं काही कामं स्वतःच्या आवाजात केली. ती जरूर ऐकावीत: माणूस तोच, आणि तरी अनोळखी.

दुसऱ्यासाठी बोलता बोलता

वाहतूक एकाच दिशेनं होती असं नाही. पुढं स्वतः महानायक झालेले कितीतरी जण आधी दुसऱ्यांसाठी बोलले आहेत.

आल्बेर्तो सोर्दीचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागात १९२० मध्ये जन्मलेला हा मुलगा अभिनय शिकायला मिलानला गेला आणि रोमन हेल काही जाईना म्हणून अकादमीतून त्याला काढलं. परत आला, तर १९३७ मध्ये एका स्पर्धेतून काम मिळालं: लॉरेल-हार्डीतल्या जाड्या हार्डीचा इटालियन आवाज. म्हणजे ज्याचे उच्चार शुद्ध नाहीत म्हणून हाकललं, तो मुद्दाम अशुद्ध, इंग्रजी वळणाचं इटालियन बोलून नावारूपाला आला. कारण इटलीत ती जोडी तशीच बोलायची पद्धत पडली होती. विशीच्या आतला सडपातळ पोरगा आणि आवाज जाड्याचा. पुढं १९५० च्या 'दोमेनिका दागोस्तो' या चित्रपटात एक देखणा नवखा तरुण वाहतूक पोलिसाच्या भूमिकेत होता, त्याच्यासाठीही सोर्दीच बोलला. तो नवखा म्हणजे मार्चेल्लो मास्त्रोयान्नी. इटालियन चित्रपटाची दोन सर्वांत मोठी नावं एकाच देहात काही मिनिटं नांदली आहेत, आणि दोघांच्याही मृत्युलेखांत मला ही गोष्ट क्वचितच वाचायला मिळाली.

मोनिका विट्टी तर आवाजातूनच चित्रपटात शिरली. १९३१ ची, रोमची. दिग्दर्शक अंतोनिओनीच्या 'इल ग्रिदो'मध्ये (१९५७) डोरियन ग्रे नावाच्या नटीसाठी ती बोलली. अंतोनिओनीनं तिला कॅमेऱ्यासमोर आणलं आणि 'लाव्हेंतुरा', 'ला नोत्ते', 'लेक्लिस्से', 'देझेर्तो रोस्सो' असे चार चित्रपट १९६० ते १९६४ मध्ये तिच्याबरोबर केले. हिचाही आवाज खरखरीत, आणि तोच नंतर विनोदी भूमिकांत तिच्या कामी आला. १९६८ च्या 'ला रागात्सा कोन ला पिस्तोला'पासून ती सोर्दीसारख्या विनोदवीरांच्या बरोबरीनं उभी राहिली. त्या पुरुषी घोळक्यात हे सोपं नव्हतं. १९८८ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या 'ल मोंद'नं तिनं आत्महत्या केल्याची बातमी छापली होती, ती साफ चुकीची. त्यानंतर ती ३४ वर्षं जगली. त्यातली शेवटची वीसएक वर्षं विस्मृतीच्या आजारात, लोकांपासून दूर गेली. २ फेब्रुवारी २०२२ ला ती वारली.

तोतोचं दुःख वेगळं होतं. नेपल्सच्या सानिता वस्तीत १८९८ मध्ये जन्मलेला अंतोनिओ दे कुर्तिस, इटलीचा लाडका विदूषक. १९५७ मध्ये रंगभूमीवर काम करता करता त्याची नजर गेली. जवळजवळ काहीच दिसेना. तरी शेवटपर्यंत डझनावारी चित्रपट केले, कॅमेरा सुरू झाला की पाय जणू आपोआप नाचायला लागायचे. पण डबिंगला काय करणार? तिथं पडद्यावरचे आपले ओठ दिसावे लागतात. म्हणून त्याचे प्रसंग होता होईतो जागेवरच आवाजासह घेत, आणि बाहेर गोंगाटात चित्रित केलेल्या भागांसाठी कार्लो क्रोक्कोलो त्याच्या आवाजात बोलत असे. क्रोक्कोलो स्वतः चांगला विनोदी नट, तोतोबरोबर पडद्यावरही झळकलेला. नक्कल इतकी बेमालूम की प्रेक्षकांना सांधा कळला नाही. एका आंधळ्या होत चाललेल्या थोर नटाची अब्रू त्यानं वर्षानुवर्षं सांभाळली. २०१९ मध्ये क्रोक्कोलो गेला तेव्हा त्याच्या नावापुढं 'तोतोचा आवाज' हे बिरुद लागलं, आणि ते त्यानं कमावलं होतं.

फेर्रुच्चो आमेन्दोलाचं नाव इटलीत रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, असं म्हणायला हरकत नाही. 'रोम ओपन सिटी'तल्या लहान मुलासाठी तो किशोरवयात बोलला. पुढं रॉबर्ट डी नीरो, अल पचीनो, डस्टिन हॉफमन, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, सगळ्यांचा इटालियन आवाज हाच. 'हीट'मध्ये (१९९५) डी नीरो आणि पचीनो समोरासमोर आले तेव्हा पंचाईत झाली. आमेन्दोलानं डी नीरो घेतला आणि पचीनोसाठी जानकार्लो जान्नीनी बोलला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याचं मोठं काम वेगळंच आहे. क्युबात जन्मलेला तोमास मिलियान १९७० च्या दशकात रोमच्या गल्लीतला शिवराळ टपोरी 'मोन्नेत्सा' म्हणून गाजला. रोमकरांना तो आपल्यातला वाटला, कारण त्याच्या तोंडी आमेन्दोलाची अस्सल रोमन बोली होती. मिलियान २०१७ मध्ये मायामीत गेला आणि रोमनं आपलाच माणूस गेल्यासारखा शोक केला. त्या शोकातला अर्धा वाटा २००१ मध्ये गेलेल्या आमेन्दोलाचा होता.

निरोप

इटलीत नटाला निरोप देतात तो घरातलं माणूस गेल्यासारखा. रोमच्या महापालिकेत, म्हणजे कांपिदोल्योवर, पार्थिव दर्शनासाठी ठेवतात. पिआत्सा देल पोपोलो चौकातल्या सांता मारिया इन मोंतेसांतो चर्चला 'कलावंतांचं चर्च' म्हणतात. बड स्पेन्सर, मोनिका विट्टी, २०२३ मध्ये गेलेली जिना लोलोब्रिजिदा, सगळ्यांचे अंत्यविधी तिथं झाले. शवपेटी बाहेर आली की लोक टाळ्या वाजवतात. आपल्याला ते चमकवून जातं, पण नटाला शेवटचं काय द्यायचं, तर हेच.

तोतोचे अंत्यविधी तीन झाले. एक रोमला, एक नेपल्सला, आणि नंतर त्याच्या सानिता वस्तीनं हट्ट धरून रिकाम्या पेटीचा तिसरा केला. मास्त्रोयान्नी १९ डिसेंबर १९९६ ला पॅरिसमध्ये गेला, तर रोमनं 'ला डोल्चे व्हिटा'तल्या त्रेव्ही कारंज्याचं पाणी बंद केलं आणि त्यावर काळं कापड टाकलं. सोर्दीला ८० व्या वाढदिवशी रोमनं एक दिवसाचा महापौर केलं होतं. २००३ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लाखांनी माणसं लोटली. व्हित्तोरिओ गास्मन २००० मध्ये गेला. त्याच्या थडग्यावर लिहिलंय की हा नट कधीच कोणाच्या आड गेला नाही, म्हणजे रंगमंचावर दुसरा कोणी मध्ये उभा राहून त्याला झाकू शकला नाही. गास्मनला शोभणारी ऐट आहे ती. मला मात्र ते वाचताना ओनोरातो, गाइपा, क्रोक्कोलो आठवतात. त्यांचं कामच आड उभं राहण्याचं होतं आणि तेही त्यांनी तितक्याच अभिमानानं केलं.

मग ऐकायचं काय?

इंटरनेटवर किंवा डिस्कवर इटालियन चित्रपट लावताना आधी भाषेचा पर्याय बघा. इंग्रजी डबिंग लागलेलं असेल तर ते बदलून इटालियन लावा आणि खाली उपशीर्षकं ठेवा. इंग्रजी आवृत्तीत इटालियन नटांचे आवाज बहुधा गेलेलेच असतात. इटालियन लावल्यावरही ओठ आणि शब्द जरा पुढंमागं वाटले, तर प्रत खराब आहे असं समजू नका. त्या काळचे चित्रपट बनलेच तसे. पुनरुज्जीवन करणाऱ्यांनाही 'मूळ' आवाज म्हणून तोच नंतर भरलेला आवाज जपावा लागतो, कारण त्याआधीचा कुठं नोंदलेलाच नाही.

काही नट असे आहेत की त्यांचा आवाज काढला तर काही उरतच नाही. मान्यानी त्यातली पहिली. १९५५ च्या 'द रोझ टॅटू'साठी तिला ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. त्यात तिचं अडखळतं इंग्रजीही तिचंच आहे. मासिनाचा 'नाइट्स ऑफ कॅबिरिया' (१९५७) तसाच. तिच्या आवाजातला बालिश चढउतार दुसऱ्या कुणाला साधला नसता.

मास्सिमो त्रोइसीनं तर बोलीचं सोवळंच मोडून टाकलं. नेपल्सजवळच्या सान जोर्जो आ क्रेमानोचा हा मुलगा अर्धवट वाक्यांत, तोंडातल्या तोंडात, आपल्या बोलीत बोलायचा आणि अख्ख्या इटलीनं कान देऊन त्याला ऐकलं. पेदेर्सोलीला जे जमू दिलं गेलं नाही ते एका पिढीनंतर त्रोइसीला जमलं. लहानपणापासून हृदय कमजोर. 'इल पोस्तिनो' करताना शस्त्रक्रिया पुढं ढकलली, दिवसाला जेमतेम तासभर काम व्हायचं, पाठमोऱ्या दृश्यांना बदली माणूस उभा करत. चित्रीकरण संपलं आणि दुसऱ्या दिवशी, ४ जून १९९४ ला, तो झोपेत गेला. वय ४१. अभिनय आणि पटकथा दोन्हींसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर नामांकन मिळालं. त्या चित्रपटात पोस्टमन आपल्या कवी मित्राला पाठवायला बेटावरचे आवाज टेपवर भरतो: लाटा, वारा, बायकोच्या पोटातल्या बाळाचे ठोके. तो प्रसंग त्रोइसीच्या स्वतःच्या दमलेल्या आवाजासह ऐका, कुठल्याही डबिंगमध्ये नको.

आणि एका नटावर हा सगळा फरक स्वतः तपासून बघायचा असेल तर जान मारिया व्होलोन्ते घ्या. १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये तो खलनायक आहे. श्रेयनामावलीत त्याचं नाव जॉन वेल्स असं अमेरिकन करून टाकलंय आणि इटालियन आवृत्तीत आवाज नांदो गात्सोलोचा आहे. इंग्रजी लावलं तरी तिथंही दुसराच कोणी बोलतो. म्हणजे जगातल्या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रपटांपैकी एकात त्याचं नावही नाही आणि आवाजही नाही. उरलेत फक्त डोळे, आणि तेवढ्यावरही तो लक्षात राहतो. मग १९७० चा 'इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन' लावा. यात तो खून करून पुरावे स्वतःच मागं ठेवणारा बडा पोलिस अधिकारी आहे, आणि बोलतोय तो तोच: ठासून, मध्येच सिसिलियन वळण घेत, खालच्यांवर डाफरत आणि वरच्यांपुढं विरघळत. या चित्रपटाला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. व्होलोन्ते ६ डिसेंबर १९९४ ला ग्रीसमधल्या फ्लोरिनात, एका चित्रपटाचं काम चालू असतानाच गेला. पहिला चित्रपट एका संध्याकाळी आणि दुसरा लगेच दुसऱ्या संध्याकाळी बघा, मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका, म्हणजे पहिल्यात काय गायब होतं ते कानाला नेमकं कळेल.